गोळेश्वरचे खाशाबा जाधव : राज्यं बदलली, संघ एकच राहिला

कोसाड (सुरत) : १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. महाराष्ट्र सरकार आता हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं. आपण गुजरातच्या बाजूला राहणारी मंडळी. कोसाड-अमरोलीपासून उधना, लिंबायत, पांडेसऱ्यापर्यंत धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबं इथं आहेत, पण त्या दिवशी इकडे शाळेला सुट्टी नाही की कार्यक्रम नाही. आणि तरी खाशाबांच्या गोष्टीत आपल्या सुरतचाही एक धागा आहे. तो पुढे येईलच.

हल्ली ऑलिम्पिकच्या कुस्त्या टीव्हीवर बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. मल्ल एका देशात जन्मलेला असतो आणि लंगोट... नव्हे, आता तो घट्ट पोशाख... दुसऱ्याच देशाचा घालून उतरतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलच्या ९७ किलो गटात बहारीनला सुवर्ण मिळालं, ते अखमेद ताझुदिनोवमुळे. ८६ किलोत बल्गेरियाचं सुवर्ण मागोमेद रमाझानोवने जिंकलं, ७४ किलोत उझबेकिस्तानचं राझांबेक झामालोवने. तिघंही मूळचे रशियाच्या दागेस्तानकडचे. तिथं मल्लांची एवढी गर्दी की स्वतःच्या देशाच्या संघात जागा मिळणं हे ऑलिम्पिक जिंकण्याएवढंच अवघड. मग मल्ल दुसरा देश बघतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कुस्तीगीराचं वय थोडं, संधी त्याहून थोडी.

खाशाबांच्या वेळी असा रस्ताच नव्हता. त्यांच्या हयातीत त्यांच्याभोवतीची राज्यं बदलत गेली, पण संघ एकच, भारताचा. आणि त्या एका संघात शिरायला त्यांना जेवढी झुंज द्यावी लागली तेवढी परदेशी मल्लांशीही द्यावी लागली नसेल.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १९२६ चा, सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. पाच भावांत सगळ्यांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पोराला पाचव्या वर्षीच मातीत उतरवलं. कृष्णा-कोयनेच्या काठचा हा मुलूख म्हणजे गावोगाव तालीम, जत्रेला कुस्त्यांचा फड आणि हलगीच्या ठेक्यावर शड्डू. नारळापासून सुरुवात आणि शेवटच्या जोडीला मोठं इनाम, अशी ती रीत. खानदेशातही यात्रेच्या कुस्त्या अशाच लागतात, तेव्हा वाचकांना जास्त सांगायला नको.

शाळा कराडची, टिळक हायस्कूल. १९४२ च्या चले जाव आंदोलनात सातारा जिल्हा पेटला होता. खाशाबा तेव्हा सोळा वर्षांचे. भूमिगतांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं ही कामं त्यांनी केली. पुढे देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं की ऑलिम्पिकमध्ये तिरंगा वर न्यायचा. खेड्यातल्या विशीतल्या पोराचं हे ठरवणं त्या वेळी कुणाला वेडेपणा वाटलं असेल तर दोष देता येत नाही. ऑलिम्पिक कुठं भरतं हे माहीत असणारे लोकही तालुक्यात मोजकेच असतील.

तिथून ते कोल्हापूरला आले, राजाराम कॉलेजात. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय, १९१२ मध्ये सुरू झालेलं खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. पण खाशाबांची अंगकाठी लहान. पैलवान म्हटलं की लोकांना भरलेली छाती आणि मांड्या दिसायला हव्यात. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खेळाच्या शिक्षकांनी त्यांचं नाव घ्यायलाच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आखाड्यात एकेक भिडू पाडत गेले.

ही पहिली वेळ. दाराशी अडवलं जायचं, वरच्याकडे दाद मागायची आणि मग कुस्तीनं उत्तर द्यायचं, हे त्यांच्या नशिबी पुढेही आलं.

खाशाबांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत आवळायची, कंबर आत घालायची आणि उचलून जमिनीवर आणायचा. अंग लहान असल्याने पाय चपळ, आणि ढाकेला ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. आपल्यापेक्षा जड मल्लालाही या डावानं आसमान दाखवता येतं.

१९४८ चं लंडन ऑलिम्पिक आलं. इथं एक गंमत बघा. गोळेश्वर-कराड हा इंग्रजी अमलातला मुलूख, म्हणजे १९४७ नंतर सरळ भारताच्या मुंबई प्रांतात. कोल्हापूर मात्र अजून संस्थान. ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. तेव्हा लंडनला निघालेला हा मल्ल मुंबई प्रांतातला, त्याचा खर्च उचलला कोल्हापूरच्या महाराजांनी आणि त्याच्या छातीवर नाव भारताचं. राजाच्या पदरचा मल्ल राजासाठी लढतो, ही शतकांची रीत त्या एका प्रवासात मोडली. पैसा दरबारचा, पण कुस्ती देशाची.

फाळणीनं त्याच सुमारास उलटंही घडवलं होतं. गामा पैलवान, पटियाला दरबारचा मल्ल, ज्याने १९१० मध्ये लंडनला जाऊन झ्बिश्कोशी झुंज घेतली होती, तो सरहद्दीपलीकडे लाहोरला राहिला आणि त्याच्या घराण्यातले मल्ल पाकिस्तानचे झाले. त्यांनी काही संघ निवडला नव्हता. रेघ मारली गेली आणि तालमी दोन देशांत वाटल्या गेल्या. पुढे १९६० मध्ये रोमला पाकिस्तानच्या मोहम्मद बशीरने फ्रीस्टाइलमध्ये कांस्य मिळवलं, त्या देशाचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. म्हणजे दोन्ही देशांचं वैयक्तिक पदकाचं खातं उघडलं ते मातीतून आलेल्या पैलवानांनीच, आणि दोघांनाही कांस्यच.

लंडनला खाशाबा फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात उतरले. तिथं पहिल्यांदा त्यांची गाठ पडली मॅटशी. मातीत वाढलेल्या पैलवानाला मॅट म्हणजे परका मुलूख. मातीत बोटं रुततात, पाय धरतो, अंगाला माती चोळली की घामाने पकड सुटत नाही. कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. जमलं तर अर्धा-अर्धा तास. मॅटवर पाय सटकतो, घड्याळ चालू असतं, पंच गुण लिहीत असतात. पाठ टेकवली नाही तरी हरता येतं, हे मातीतल्या माणसाला पटायलाच वेळ लागतो. अमेरिकेच्या रीस गार्डनरने त्यांना तिथे मॅटची ओळख करून दिली. तयारी अशी तुटपुंजी असून खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच गारद केलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र हरले. शेवटी सहावा नंबर आला.

सहावा म्हणजे पदक नाही. पण त्या गटात एवढं वर तोवर कोणी भारतीय गेला नव्हता. परत आल्यावर त्यांनी वजन वाढवून वरच्या गटात जायचं ठरवलं आणि चार वर्षं मेहनतीत घातली. जोर-बैठका, दोरी, पळणं, आणि जोडीला नव्या पद्धतीचे डाव.

१९५२ ला संघ निवडायची वेळ आली आणि दार पुन्हा लागलं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत कलकत्त्याच्या निरंजन दासच्या बाजूने निकाल गेला. आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं. कोल्हापुरातली मंडळी म्हणाली असतील, जाऊ दे, खासबागेत तुझी कुस्ती लावू. खाशाबा गप्प बसले नाहीत. त्यांनी पटियालाचे महाराजा यादवेंद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. हे महाराजा त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष, स्वतः क्रिकेट खेळलेले. त्यांनी चाचणीत खाशाबांना उतरू दिलं. खाशाबांनी समोरच्याला पाडलं आणि संघात जागा घेतली. दागेस्तानच्या मल्लाला आज दुसरा देश आहे. खाशाबांना फक्त एक अर्ज होता आणि एक ढाक.

जागा मिळाली, तर पैसे नाहीत. महाराजांचं संस्थान आता उरलं नव्हतं; मागायचं तर सरकारकडे. आणि इथं आपल्या भागाचा धागा येतो. १९५२ मध्ये आपलं सुरत आणि त्यांचं सातारा-कोल्हापूर एकाच राज्यात होतं, मुंबई राज्यात. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई, वलसाडजवळच्या भदेलीचे, म्हणजे तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातले. खाशाबांनी चार हजार रुपयांची मदत मागितली. मोरारजींनी स्पर्धा झाल्यावर बघू असं सांगून परत पाठवलं. मोरारजी कडक शिस्तीचे, सरकारी पैशाला हात न लावणारे म्हणून आपल्याकडे मानले जातात, आणि नवं राज्य चालवताना तिजोरी सांभाळायला हवी हेही खरं. पण स्पर्धा झाल्यावर प्रवासखर्च देऊन उपयोग काय, हे कुणाही शेतकऱ्याला कळेल. पेरणी झाल्यावर बियाण्याचे पैसे दिल्यासारखं ते.

मग गावानं झोळी फिरवली. गोळेश्वर, कराड, आसपासची खेडी, दुकानदार, शिक्षक. आणि सगळ्यांत मोठी उडी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घेतली. त्यांनी स्वतःचं राहतं घर कोल्हापूरच्या मराठा बँकेकडे गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. प्राध्यापकाला घर पुन्हा बांधता आलं असतं का, याचा विचार करून बघा. आपल्याकडे पोराच्या शिक्षणासाठी, मुलीच्या लग्नासाठी घर गहाण पडतं. दुसऱ्याच्या पोराच्या कुस्तीसाठी गहाण ठेवणारा माणूस विरळा.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात होते. कोल्हापूरचेच केशव माणगावे त्यांच्यासोबत वरच्या गटात होते, त्यांचंही पदक हुकलं. त्या वेळी बाद होण्याची पद्धत आजच्यासारखी नव्हती. चितपट जिंकलं तर दंड नाही, गुणांवर जिंकलं तर थोडा दंड, हरलं तर जास्त, असा हिशेब चढत जायचा. ठरावीक आकडा गाठला की मल्ल बाहेर. शेवटी उरलेले तिघं आपसांत लढायचे. म्हणजे नुसतं जिंकून भागत नसे, झटपट आणि स्वच्छ जिंकावं लागे.

कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी पहिली कुस्ती जवळजवळ पूर्ण वेळ चालली आणि खाशाबांनी ती मारली. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला पाच-सहा मिनिटांतच संपवलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी कुस्ती तिघा पंचांत दोन विरुद्ध एक अशी निघाली, खाशाबांच्या बाजूने. आता उरले तिघं : खाशाबा, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव.

इशीची गोष्टही खाशाबांच्या गोष्टीशी जुळणारी. तो मुळात ज्यूदोचा खेळाडू. युद्धात जपान हरलं, दोस्तांच्या ताब्यात गेलं आणि ज्यूदोवर बंदी आली. तेव्हा तो कुस्तीकडे वळला. १९४८ ला जपानला लंडनचं बोलावणंच नव्हतं. मामेदबेयोव अझरबैजानचा, छातीवर सोव्हिएत संघाची अक्षरं, आणि तो देश पहिल्यांदाच ऑलिम्पिकला उतरलेला. म्हणजे त्या मॅटवर शेवटच्या तिघांपैकी एक नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा, एक हरलेल्या देशाचा आणि एक अशा संघाचा जो आज नकाशावरच नाही. मामेदबेयोव आज असता तर अझरबैजानच्या नावाने उतरला असता.

इशीशी कुस्ती लांबली. पंधरा मिनिटं झुंजून खाशाबा हरले. अजून एक कुस्ती शिल्लक होती. नियम असा की दोन कुस्त्यांत किमान अर्धा तास विश्रांती हवी. पण खाशाबांना लगेच मामेदबेयोवसमोर उभं राहायला सांगितलं गेलं. भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. इंग्रजीत चार वाक्यं ठणकावून बोलणारा कोणी असता, तर निदान दम तरी घेता आला असता. मातीतल्या फडात गावाकडचे पंच, वस्ताद, पाठीराखे सगळे मैदानाला चिकटून बसलेले असतात. एक चुकीचा इशारा झाला तर फड बंद पाडतात. हेलसिंकीत तो माणूस एकटाच होता. थकलेले खाशाबा ही कुस्तीही हरले. इशीला सुवर्ण, त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकुलतं एक, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हॉकीचा संघ त्याच हेलसिंकीत सुवर्ण घेऊन आला आणि पेपरांत जागा त्यालाच मिळाली. पुढचं वैयक्तिक पदक भारताला मिळालं ते १९९६ मध्ये, टेनिसच्या लिअँडर पेसला. चव्वेचाळीस वर्षं. कुस्तीत तर २००८ पर्यंत, सुशील कुमारपर्यंत वाट पाहावी लागली.

सरकारी स्वागत जेमतेम, पण गावानं कसर ठेवली नाही. कराडहून गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळापर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी दहा-पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल. बैलजोड्या सजवून आलेल्या. ज्यांनी रुपया-दोन रुपये झोळीत टाकले होते ते आपलंच पदक बघायला आले होते.

मिरवणूक उतरल्यावर खाशाबांनी पहिलं काम कुठलं केलं असेल? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या. बक्षिसाच्या पैशातून खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिकचा पदकविजेता घराचं कर्ज फेडण्यासाठी पुन्हा लाल मातीत उतरला. मला विचाराल तर हेलसिंकीपेक्षा ही कुस्ती मोठी.

१९५५ मध्ये ते मुंबई राज्याच्या पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पुढच्या वर्षीच्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीनं घात केला. ऑलिम्पिकचं दार तिथं कायमचं बंद झालं. १ मे १९६० ला मुंबई राज्य दुभंगलं. सुरत गुजरातेत गेलं, सातारा महाराष्ट्रात राहिला, आणि खाशाबा मुंबई राज्याचे पोलीस होते ते महाराष्ट्राचे झाले. इंग्रजी मुलूख, मुंबई प्रांत, मुंबई राज्य, महाराष्ट्र. आपल्या आजोबा-पणजोबांचंही असंच झालं. डांग, उंबरगावच्या लोकांना विचारा. घर तिथंच आणि राज्य दुसरं.

पोलिसांत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. खात्यात स्पर्धा जिंकल्या, पोरांना डाव शिकवले. बढती मात्र उशिरा आली. असिस्टंट कमिशनर झाले ते निवृत्तीच्या तोंडावर. आणि निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कॉलेजच्या शिक्षकांपासून सुरू झालेली दाद मागण्याची ही मालिका म्हातारपणीही सुटली नाही, फक्त आता ढाक चालण्यासारखी नव्हती. फायलीची मान बगलेत धरता येत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत मशाल घेऊन धावण्याचा मान तेवढा मिळाला.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

पुरस्कार त्यानंतर यायला लागले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० चा, दोन्ही मरणोत्तर. पद्म पुरस्कार आजवर नाही. देशाच्या नंतरच्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेत्यांना पद्म मिळत गेला, पहिल्याला नाही. २०२३ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी गूगलने डूडल काढलं, तेव्हा आपल्या पोरांनी मोबाइलवर विचारलं असेल हे कोण म्हणून.

गोळेश्वरला त्यांच्या नावानं कुस्ती संकुल व्हावं, अशी घोषणा झाली होती. काम हलेना म्हणून २०१७ मध्ये कुटुंबानं ते कांस्यपदकच लिलावात काढायची तयारी दाखवली. येतील त्या पैशातून तालीम उभी करू, असा विचार. ज्या पदकासाठी एका मास्तराचं घर गहाण पडलं, ते पदक तालमीसाठी विकायला निघालं होतं.

दिल्लीत २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या हॉलला मात्र के. डी. जाधव यांचं नाव दिलं गेलं. भारतीय संघाच्या निवड चाचण्या तिथं होतात. २०२२ च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी पुरुषांच्याही तिथंच झाल्या. संघात जागा मिळवायला देशभरातली पोरं त्या मॅटवर उतरतात, पंचांच्या निकालावर भांडतातही. वर भिंतीवर नाव असतं ते खाशाबांचं.